काटा, शेठ आणि चार कार्डांचा सर्व्हर

आमच्या जिनिंगमध्ये कापसाची लव कुठंही बसते. चष्म्यावर, डब्यावर, कीबोर्डात. किस्से पण तसेच बसलेत, झटकले तरी जात नाहीत. परवा दोस्तांनी विचारलं, "चहा प्यायला आलास का फोन बघायला?" म्हणलं बसा, सांगतो. तुम्ही हसाल, पण माझा जीव टांगणीला होता!

मी पडेगावचा, जिनिंग सिल्लोड रोडला. तिथला सर्व्हर माझ्या गळ्यात. त्याला चार नेटवर्क कार्डं, म्हणजे वायर लावायला चार भोकं. एक वजनकाट्याचं, एक ऑफिसचं, एक इंटरनेटचं, एक रिकामं. काट्यावर कापसाची गाडी चढली की वजन सर्व्हरवर येतं, पावती निघते, मगच गाडी आत. सर्व्हर रुसला की रोडपर्यंत लाईन! म्हणून शेठनं सीझनच्या आधीच बजावलं, "तीनदा काटा बंद पडला की तुमी घरी. पुण्याचे लोक तयारच आहेत."

पहिला नंबर दसऱ्यालाच लागला.

दसऱ्याला आमच्याकडं सगळ्या मशीनची पूजा. आमचे शिपाई मारोतीमामा लई भाविक. त्यांनी सर्व्हरच्या सगळ्या वायरी काढल्या, ओल्या फडक्यानं पुसला, हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मग वायरी परत लावल्या, पण रंगसंगती बघून! काट्याची वायर इंटरनेटच्या भोकात, इंटरनेटची काट्याच्या.

मुहूर्ताची पहिलीच गाडी काट्यावर उभी, आणि वजनच येईना. मी घामाघूम. मामा म्हणाले, "आता चांगल्या दिसत्यात का नाय?"

शेठ एवढंच बोलले, "एक झालं."

दुसरा किस्सा अकाउंटच्या जाधव मॅडमचा. त्यांना नवा प्रिंटर आला. बसवणाऱ्यानं त्याला नेटवर्कवरचा नेमका काट्याच्या कॉम्प्युटरचाच पत्ता दिला. एका पत्त्यावर दोन मशीन! मॅडमनी प्रिंट काढली की काटा गायब. काट्यावरचे रफिकभाई फोन करायचे, "साब, काटा फिर गया!" मी पळत जाईपर्यंत प्रिंट संपलेली, काटा सुरू. शेठला वाटायचं, मी उगाच पळतोय.

आठवडाभर मी नुसता ऑफिस ते काटा. दोन किलो वजन उतरलं माझं! एके दिवशी तर दुपारपर्यंत काटा बंदच. शेठ म्हणाले, "दोन."

शेवटी रफिकभाईंनीच निदान केलं. "साब, एक बात बोलूं? मॅडम छुट्टी पे रहे तो काटा एकदम टनाटन चलता!"

प्रिंटरचा पत्ता बदलला. मॅडम आठ दिवस रफिकभाईंशी बोलल्या नाहीत.

मग शेठ खुलताबादला लग्नाला गेले. तिथून मोबाईलवर काट्यावरचा कॅमेरा बघत बसले. मला फोन, "तो लाल ट्रॅक्टर तीन घंट्यांपासून काट्यावरून हालंना! काय लावलंय?" धावत गेलो, तर काटा मस्त चालू. इंटरनेटवाल्यानं सर्व्हरला बाहेर जायचा दुसराच रस्ता दाखवला होता, त्यामुळं चित्र तिथंच गोठलेलं. मी म्हणलं, "शेठ, तो ट्रॅक्टरवाला घरी जाऊन, जेवून, झोपला पण असंल!"

तेव्हापासून मला चैन नाही. सासुरवाडीला पंगतीत बसलो होतो, साडूचा फोन वाजला. मी हातातला घास टाकून ओरडलो, "कशालाच हात लावू नका!" वाढणारी मेहुणी भाताचं पातेलं घेऊन तशीच उभी. बायको आजून ऐकवते.

आणि मग तो दिवस आला.

शेठनं पुण्याच्या इंजिनिअरला खरंच बोलवलं. तो यायला आणि काटा बंद पडायला एकच गाठ! बाहेर गाड्यांचे हॉर्न, शेतकरी शिव्या घालतायत. मी मनात म्हणलं, संपलं. तिसरा नंबर लागला आपला.

सर्व्हरच्या मागं वाकून बघतो, तर चौथ्या, रिकाम्या भोकात माझी टेस्टिंगची वायर! तिचं एक टोक नेहमी नुसतं लोंबकळत असतं. त्या कार्डावर जुना पत्ता होता, काट्याच्याच लाईनीतला. सर्व्हरला एकाच गल्लीत दोन दारं झाली, उत्तर कुठून द्यावं त्याला कळंना. ते कार्ड बंद करायचं माझं राहून गेलं होतं, खोटं कशाला बोलू!

वायर उपसली. काटा चालू.

पण शेठचा पारा उतरंना. पुणेकरासमोर इज्जत गेली ना! ओरडले, "कोणाचा हात लागला हिथं? खरं सांगा! ज्यानं वायर खोचली, त्यानं उद्यापासून यायचं नाय! मग तो कोणी का असंना!"

मामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि शांतपणे म्हणाले, "आवो शेठ, सकाळी तुमीच नाय का खोचली? म्हनले, पाव्हणे यायलेत, लोंबकळती वायर बरी दिसत नाय."

पुण्याचा इंजिनिअर छताकडं बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर हजर झालो. शेठ आले नाहीत.