नणंदबाईंचं गोलरक्षण

माझ्या धाकट्या नणंदेइतकी संशयी मुलगी अख्ख्या खामगावात दुसरी नाही, आणि असलीच तर आमच्या बाई तिच्यावरही संशय घेतील. दूध पातळ आलं की दूधवाल्यावर संशय, घट्ट आलं की "यात काय टाकलं?" म्हणून पुन्हा त्याच्यावरच. मी लग्न होऊन आले त्या दिवशी हिनं मला खालपासून वरपर्यंत निरखलं आणि सासूबाईंना विचारलं, "हे इतकी गोड काऊन बोलून राह्यली?" तेव्हापासून आमचं जमलं.

अशी मुलगी गोलरक्षक झाली यात नवल ते काय! खेळ फुटसाल. म्हणजे पाच-पाच जणींनी छपराखाली खेळायचा फुटबॉल. आमच्याकडे तो जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये चाले, आणि कापूस आला की बंद पडे. सामन्याआधी ही पंचांकडून नाणं मागून घेई आणि दोन्ही बाजू तपासून परत करी. फुटसालचा चेंडू मुद्दामच जड आणि कमी उसळणारा असतो. गल्लीतल्या सायकलवाल्या काकांना मात्र तो बघून कीव यायची, आणि ते मायेनं त्यात ठासून हवा भरून द्यायचे. मग चेंडू थेट पत्र्याला. "काकाले कोणीतरी पढवलं हाय," ही म्हणायची. कोणी पढवलं? तर अकोल्याच्या पोरींनी!

या स्वभावानं एकदा मात्र तिचा घातच व्हायचा. पुण्याच्या एका संघाची निवड चाचणी ती देऊन आली होती. दुसरं काही नको होतं तिला. आणि एका दुपारी फोन आला, "अभिनंदन, तुमची निवड झाली. आधार कार्डाचा फोटो पाठवा." हिनं फोन कापला, नंबर ब्लॉक केला आणि मला ऐटीत सांगितलं, "चोर होते, वहिनी. आधार मांगत होते." नंतर निकाल का येत नाही म्हणून जेवण सोडून बसली ती वेगळीच.

शेवटी त्या संघाच्या प्रशिक्षक बाईंनी माझ्या फोनवर गाठलं. उद्यापर्यंत होकार द्या, नाहीतर दुसरी मुलगी घेऊ, म्हणाल्या. मी धावत सांगायला गेले, तर ही मलाच म्हणते, "तुमाले मले घरातून काढाचं हाय काय?"

मला असा राग आला! "हाव, काढाचंच हाय! घे, बोल!" म्हणून मी फोन तिच्या कानाला लावला. त्यातही आमच्या बाईंनी त्यांची परीक्षा घेतलीच, "मी चाचणीले आली तवा तुमाले पयले काय इचारलं, सांगा." पलीकडून हसू आलं. "चेंडूत हवा कोणी भरली, हे!" तेव्हा कुठे पटलं. मग जी रडली, की सासूबाई चुलीवरची भाकरी तशीच टाकून आल्या.

पुण्याच्या गाडीत बसल्यावर तिनं खिडकीतून विचारलं, "वहिनी, मी गेल्यावर तुमाले करमन ना?"

"हाव," मी म्हटलं, "चांगलं करमन."

मला वाटलं, आता दहा प्रश्न येतील. ती म्हणाली, "मंग बरं," आणि खिडकी लावून घेतली. इतक्या वर्षांत मी तिच्याशी तेवढं एकच खोटं बोलले, आणि माझ्या बाईनं नेमकं तेच खरं मानलं.