टेलरमावशीच्या थैल्या

गणवेशांचा ढीग पडलेला असो की कुणाचा पडदा अर्धवट राहिलेला असो, शनिवारी दुपारी तीननंतर टेलरमावशी गिऱ्हाइकाचं काम हातात घेत नसे. त्या वेळात ती थैल्या शिवायची. जुन्या चादरी, विटलेले पडदे, गुडघ्यावर फाटलेल्या पँटी, काहीही चालायचं. तळाला दुहेरी शिलाई, तोंडाशी नेफा आणि नेफ्यात नाडी. "बारा किलो भरा, उसवली तर मशीन विकून टाकीन," असं म्हणून ती थैली दोन्ही हातांनी ताणून दाखवायची.

रविवारी सकाळी वीसेक माणसं ओढ्याकाठचा कचरा त्या थैल्यांत भरायची. मावशी नाड्या आवळून गाठ मारायची आणि तिचा थोरला भाऊ त्या टेम्पोत घालून गावाबाहेरच्या कचरा केंद्रावर न्यायचा. त्याला सगळेच दादा म्हणत. गळ्यात शिट्टी आणि तोंडात चेष्टा. "अहो काका, वाकायला जमत नसेल तर कचऱ्यालाच वर यायला सांगू का?" माणसं हसत हसत कामाला लागायची. मावशीला या कामात त्यानेच ओढलं होतं.

आधी रिकाम्या थैल्या परत यायच्या. मग ते थांबलं. "केंद्रवाले ठेवून घेतात गं," दादा म्हणाला, "तुझी शिलाई आवडलीय त्यांना." मावशीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेव्हापासून दर आठवड्याला बारा नव्या.

मधल्या दिवसांत ती शाळेत जाऊन मुलांना समजवायची, दुकानदारांशी वाद घालायची. एकदा कोपऱ्यावरच्या फळवालीने सालं आणि प्लास्टिक गटारात लोटलं. मावशीने ते सहा गिऱ्हाइकांसमोर तिला उचलायला लावलं. फळवालीने उचललं. मग हात पुसत विचारलं, "तुमचा कचरा कुठं जातो हो, ताई?"

"केंद्रावर. माझा सख्खा भाऊ स्वतः नेऊन पोचवतो."

फळवालीने मान वळवून फळं मांडायला घेतली.

त्यानंतर महिन्याभराने मावशी जुन्या खाणीपलीकडच्या घरी गणवेश पोचवायला निघाली. खाणीच्या कडेवरून चालताना खाली काहीतरी निळं दिसलं. निळ्यावर पिवळी फुलं. डॉक्टरीणबाईंचा पडदा! शेजारी तिच्या नवऱ्याची चौकटीची लुंगी, त्याखाली शाळेच्या पडद्याचं हिरवं कापड. खालचे थर उन्हाने पांढरे पडले होते. ती हातपाय टेकत खाली उतरली. एकही थैली उसवली नव्हती. सगळ्या नाड्यांना तिचीच गाठ होती.

त्या शनिवारी मशीनवरचं झाकणही निघालं नाही. रविवारी ओढ्यावर ती घरातली चार पोती घेऊन गेली. ती भरून झाल्यावर टेम्पोत दादाच्या शेजारी जाऊन बसली.

"तू कशाला? कमरेचं दुखणं काढशील."

"शिलाई आवडलेल्या माणसांना भेटायचंय."

दादा हसला, पण शिट्टी चाचपत राहिला. फाटा आला तसा टेम्पो हळू झाला. सरळ केंद्र, डावीकडे खाण. त्याने गाडी बंद केली.

"कधी कळलं?"

"बुधवारी. कधीपासून चाललंय?"

"चौदा महिने. वेगवेगळा केल्याशिवाय घेणार नाही म्हणाले. ओला वेगळा, काच वेगळी..."

"मग सांगायचंस! आपण केला असता वेगळा."

"त्याच दिवशी शाळेत सत्कार होता आपला. सगळे टाळ्या वाजवत होते. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू. मग तो पुढचा रविवार..."

"मला तरी सांगायचंस, दादा. मी काय टाळ्या वाजवणारी होते?"

तो खाली मान घालून स्टीअरिंगवरची धूळ पुसत बसला. मावशी उतरली. लहानपणी शाळेच्या वाटेवर हाच भाऊ तिचा हात सोडत नसे. ती मागे न बघता चालायला लागली.

कोपऱ्यावर फळवाली पेरू मांडत होती. मावशी तिच्या हातगाडीसमोर उभी राहिली. चालताना जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"आमचा कचरा खाणीत जातो," ती म्हणाली. "मी तुला खोटं सांगितलं. म्हणजे, मला ते खरंच वाटत होतं."

फळवालीचे हात थांबले. "टेम्पो खाणीकडे वळताना इथून दिसतो, ताई. दर रविवारी बघते मी."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"विचारलं होतं की. तुम्ही म्हणालात, सख्खा भाऊ नेतो." तिने एक पेरू उचलला, पुसला आणि जागेवर ठेवला. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असणारच."