क्लच न दाबता

दादाचं गॅरेज आणि माझं लेथचं दुकान समोरासमोर. मधला रस्ता इतका अरुंद की तो तिकडून बोटांनी माप दाखवायचा आणि मी इकडे लोखंड लावायचो. तो फक्त गिअरबॉक्स करायचा. इंजिन नाही, ब्रेक नाही, रंगकाम तर नाहीच. कोणी विचारलं तर म्हणायचा, "मला दाते बघता येतात, बाकीचं दुसऱ्याला दाखवा." त्यावरून गल्लीतले टवाळ त्याला दातांचा डॉक्टर म्हणत. एकदा तर खरंच एक बाई गाल धरून त्याच्या दारात येऊन उभी राहिली. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि खऱ्या डॉक्टरकडे स्वतः पोचवून आला.

त्याला एकच भाऊ. आईवडील गेले तेव्हा दादा एकोणीस वर्षांचा होता आणि भाऊ सात. दादाने शिक्षण सोडलं, हातात पाना घेतला आणि भावाला वाढवलं. पुढे वहिनी आली. त्यांना मूल झालं नाही, आणि तिने दिरालाच लेकासारखं सांभाळलं. सगळे त्याला धाकटा म्हणायचे. पस्तिशी उलटली, टाळूवरचे केस विरळ झाले, शहरबस चालवून सोळा वर्षं झाली, तरी तो धाकटाच राहिला.

धाकट्याला गाडीचं वेड होतं. एक जुनी दोन दारांची गाडी घेऊन त्याने चार वर्षं सुट्टीच्या दिवशी तिच्यात जीव ओतला. मोठ्या गाडीचं इंजिन बसवलं, टर्बो लावला. मोजून घेतली तेव्हा पावणेचारशे हॉर्सपॉवर भरली. गिअरबॉक्स मात्र जुनाच होता, कारखान्याने शंभर हॉर्सपॉवरसाठी बनवलेला. दादाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पैलवानाला पोराची चप्पल घातलीस." तसंच झालं. एका रविवारी चढावर तिसऱ्या गिअरचे चार दाते उडाले आणि गाडी दोरीला बांधून आमच्या गल्लीत आली.

मग मजबूत गिअरबॉक्स कुठला घ्यायचा यावरून दोघा भावांचं बिनसलं.

दादाचं म्हणणं सरळ होतं. मोठ्या व्हॅनचा सहा गिअरचा जड बॉक्स घ्यायचा. त्याचे दाते रुंद, शाफ्ट जाडजूड, कवच ताकदीखाली पसरणार नाही असं. त्यासाठी दोन सीटांमधला, बॉक्स बसतो तो बोगदा कापून रुंद करावा लागेल, मागे जाणारा शाफ्ट आखूड करावा लागेल, ते काम मी करणार होतो. एकदा बसला की पंधरा वर्षं बघायला नको. "रस्त्यावरची गाडी आहे," तो म्हणायचा. "सिग्नलला थांबते, गर्दीत रांगते. दिवसाला हजार वेळा गिअर पडणार. नुसती ताकद बघून चालत नाही, गिअर मऊ पडायला हवा."

धाकट्याला हवा होता शर्यतीचा बॉक्स. त्याचे दाते सरळ कापलेले असतात, त्यामुळे चालताना एकसारखं रडगाणं लावतो. गिअर अलगद जुळावेत म्हणून साध्या बॉक्समध्ये पितळी रिंगा असतात, त्या यात नसतात. लोखंडाचे ठोकळे एकमेकांत खाडकन अडकतात.

"तुला काय पोरासोरांसारखा आवाज करत फिरायचंय?" दादाने विचारलं.

"मला तोच हवाय."

"का?"

"आवडतो म्हणून."

"आवडतो म्हणून उद्या रणगाडा घेशील."

दोन महिने हे असंच चाललं. धाकटा गणवेश घालून सकाळी गल्लीतून जाताना दादा त्याला ऐकू जाईल असं माझ्याशी बोलायचा, "टर्नर, आमच्याकडे एक शर्यतवीर आहे, बघितलास का? हार करून ठेव." धाकटा हसायचा आणि पुढे जायचा. तो जरा हळू चालायला लागलाय हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, रागावलाय.

शेवटी दादा म्हणाला, आपण मोठे आहोत, आपणच ठरवू. व्हॅनचा बॉक्स आणायचा त्याने पक्कं केलं. पण तो बॉक्स या इंजिनाला जोडायला मधली पट्टी मला कापावी लागणार होती आणि त्यासाठी जुन्या बॉक्सची मापं हवी होती. दोन महिने जुना बॉक्स बाकाखाली तसाच पडला होता. तुटलेला काय उघडून बघायचा, म्हणून दादाने त्याला हात लावला नव्हता. त्या दुपारी मी कॅलिपर घेऊन गेलो आणि त्याने तो उघडला.

तिसऱ्या गिअरचे तुटलेले दाते त्याने बाजूला ठेवले, ते अपेक्षितच होते. मग एकेक पितळी रिंग काढून अंगठ्याने चाचपू लागला. पहिल्याची, दुसऱ्याची, चौथ्याची. सगळ्या रिंगा आतून गुळगुळीत झालेल्या, कडा खाल्लेल्या. मग सगळ्या पुन्हा एकदा उजेडात धरून बघितल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"ताकदीने रिंगा जात नाहीत," तो म्हणाला. "क्लच पूर्ण न दाबता गिअर टाकला की जातात. नवशिका टाकतो तसा."

"मग?"

"मग सोळा वर्षं बस चालवणारा माणूस नवशिक्यासारखा का चालवेल?"

धाकट्याचं हळू चालणं मला एकदम आठवलं.

संध्याकाळी धाकटा आला तेव्हा मी निघत होतो. दादाने मला हाताने बस म्हणून खूण केली. रिंगा त्याने बाकावर ओळीत मांडल्या होत्या. धाकट्याने त्या पाहिल्या आणि टोपी काढून बाकावर ठेवली.

"पाय दाखव," दादा म्हणाला.

धाकट्याने विजारीचा डावा पाय गुडघ्यापर्यंत वर केला. पोटरी वाळलेल्या फांदीसारखी झाली होती. तिच्या कातडीखाली काहीतरी आपोआप थरथरत होतं, तो हलत नसतानाही.

"कधीपासून?"

"वर्ष होईल. आधी पेडलवरून पाय घसरायचा. वाटलं बूट झिजले." तो जरा थांबला. "मज्जातंतूंचा आजार आहे. दोन डॉक्टरांना दाखवलं. दोघांनीही तेच सांगितलं. पायातून वर चढत जाणार. यावर औषध नाही."

"आणि बस?"

"बस मी सोडली, दादा. ज्या दिवशी स्टॉपवर गाडी एकदा पुढे सरकली, त्याच दिवशी किल्ली परत दिली. आता डेपोत वेळापत्रकाच्या टेबलावर बसतो. पाच महिने झाले."

"मग हा गणवेश कशाला घालून जातोस रोज?"

"वहिनीला काय सांगू, कळेना."

दादा उठून नळाकडे गेला. हात स्वच्छ होते तरी धूत राहिला. पाठमोराच म्हणाला, "म्हणून तुला शर्यतीचा बॉक्स हवा होता."

"त्यात गाडी एकदा चालू पडली की क्लच लागत नाही. अॅक्सिलरेटर जरा सोडायचा आणि दांडा ओढायचा. डावा पाय फक्त निघताना." धाकटा खाली बघून बोलत होता. "ब्रेक उजव्या पायाने. तो अजून चांगला आहे. मला फक्त थोडे दिवस चालवायचीय."

"ऑटोमॅटिक घालू."

"ती मग मी चालवल्यासारखी वाटणार नाही. हात तर अजून शाबूत आहेत ना माझे."

दादा परत येऊन बाकाशी बसला. "मला सांगायचं होतंस."

"तू थट्टा करत होतास तोवर बरं वाटत होतं," धाकटा म्हणाला. "घरात सगळं नेहमीसारखं चाललंय असं वाटायचं."

वहिनीला दादानेच सांगितलं. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी धाकट्याचा गणवेश धुऊन, इस्त्री करून तिने कपाटात ठेवून दिला आणि त्याच्यासाठी सैल विजारी शिवायला घेतल्या.

व्हॅनचा बॉक्स रद्द झाला. शर्यतीचा बॉक्स आला. आयुष्यभर ज्याला नावं ठेवली तो बॉक्स दादाने बाळाला अंघोळ घालावी तसा हाताळला. क्लचसाठी त्याने दोन प्लेटांचा संच निवडला. एकाच प्लेटवर एवढी ताकद पेलायची तर स्प्रिंग फार कडक लावावी लागते आणि पेडल दगडासारखं होतं. दोन प्लेटा असल्या की स्प्रिंग मऊ ठेवता येते. त्यावरही त्याचं समाधान होईना. पेडलचा दांडा त्याने माझ्याकडून तीनदा लांब करून घेतला. दर वेळी स्वतःच्या डाव्या पायाच्या नुसत्या करंगळीकडच्या बाजूने दाबून बघायचा आणि म्हणायचा, "अजून जड आहे."

गाडी तयार झाली तेव्हा दादाने अटी घातल्या. उजाडल्यावर, वस्तीबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर, आणि शेजारी दादा स्वतः. धाकट्याने मान्य केल्या. पहिल्या दिवशी मीही मागच्या सीटवर होतो. बॉक्स दादाने सांगितल्यासारखाच रडत होता, बोलणं ऐकू येत नव्हतं. धाकट्याने दुसरा, तिसरा, चौथा टाकला, क्लचला न शिवता, आणि एकही गिअर खरवडला नाही. मी त्याचा चेहरा आरशात बघितला. तो बसमध्ये बसायचा तसाच शांत बसला होता. दादा मात्र खिडकीबाहेर बघत होता, रस्त्याकडे नाही.

सात महिने त्याने गाडी चालवली. मग निघतानाही डावा पाय उचलेना. नंतर उजवा गेला. त्यानंतर दादाने स्टिअरिंग हातात घेतलं आणि धाकटा शेजारी बसू लागला. दादाने जन्मभर बॉक्स दुरुस्त केले, पण तो गाडी चालवायचा ती बैलगाडीसारखी. शर्यतीचा बॉक्स त्याला जमेना, खाडखाड वाजायचा. धाकटा आवाज ऐकून सांगायचा, "आता." दादा दांडा ओढायचा. "उशीर केलास." पुढच्या वेळी पुन्हा, "आता." पुढे शब्द जड झाले तेव्हा तो नुसता "हं" म्हणायचा. शेवटी तेही जमेना, तेव्हा दादा त्याच्या मांडीवर आपला हात ठेवायचा आणि धाकटा दोन बोटं हलवायचा. तेवढ्या खुणेवर दादा गिअर टाकायचा, आणि आता क्वचितच चुकायचा.

दुसऱ्या हिवाळ्यात धाकटा गेला. घरीच, दिवसाउजेडी. वहिनी त्याला चमच्याने पाणी पाजत होती. श्वास लागला आणि थांबला, एवढंच. डेपोतले वीसेक चालक गणवेशात आले आणि रस्त्याच्या कडेला ओळीने उभे राहिले.

गाडी दादाने लांबच्या एका माणसाला दिली. जाताना ती गल्लीच्या टोकापर्यंत रडत गेली. दादा दार ओढून आत बसला होता.

चार दिवसांनी त्याने गॅरेज उघडलं. एका ट्रकचा बॉक्स अर्धवट खोलून पडला होता आणि ट्रकवाला बिचारा रोज येऊन काही न विचारता परत जात होता. दादाने दिवसभर काम केलं. दुपारी रस्ता ओलांडून माझ्याकडे आला, एका बुशचं, शाफ्टभोवती बसणाऱ्या कड्याचं, माप कागदावर लिहून दिलं. नंतर तिथेच स्टुलावर बसून राहिला.

"दोन महिने, टर्नर," तो म्हणाला. "दोन महिने मी त्याला रोज टोचून बोललो."

"त्याला ते बरं वाटत होतं. त्यानेच सांगितलं."

"त्याने सांगितलं. तो काहीही सांगायचा. पाच महिने गणवेश घालून जात होता तो."

तो उठून गेला. मी कागद बघितला. माप दोन मिलिमीटरने चुकलं होतं. तीस वर्षांत त्याचं माप कधी चुकलं नव्हतं. ट्रकवाल्याचा जुना बुश दादाच्या बाकावर होता. दादा जेवायला गेल्यावर मी तिकडे जाऊन तो मोजून आलो आणि बरोबर मापाचा बुश कातून दिला. दादाने तो बसवला. नीट बसला.