पॅकेजमागची पॅकेजे

२००७ च्या उन्हाळ्यात दौंडमधल्या एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत माझ्या पत्नीचे एम.फिल.चे काम थांबले. प्रबंध सादर करायची मुदत जूनअखेरची होती. थांबण्याचे कारण मशीनने एका ओळीत दिले होते. जे पॅकेज बसवायचे होते त्याला आधी दुसरे एक पॅकेज हवे होते आणि ते मशीनवर नव्हते.

ती त्या महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत होती, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर मानधन, सुट्टी लागली तर काही नाही आणि दर जूनला नव्याने अर्ज. विभागात पूर्णवेळ अधिव्याख्यात्याची एक जागा अनुसूचित जातीसाठी राखीव होती. ती अनेक वर्षे रिकामी होती, कारण दर वेळी पात्र उमेदवार मिळाला नाही असे सांगितले जाई. त्या काळी एम.फिल. झालेल्याला नेट परीक्षेतून सूट होती. मुदतीत प्रबंध गेला तर पुढच्या जाहिरातीपर्यंत पदवी हातात येणार होती. मुदत हुकली तर जाहिरात निघणार, जागा पुन्हा रिकामी राहणार, आणि ती त्याच जागेचे तास घेत राहणार.

मी तेव्हा शिरूरला एका दैनिकाचा तालुका बातमीदार होतो. आम्ही शिरूरला राहायचो. ती रोज एसटीने न्हावऱ्यामार्गे दौंडला जायची.

प्रबंध कांद्याच्या उत्पादनावर होता. राहू, वरवंड आणि भांडगाव इथल्या शेतांच्या नोंदी तिने स्वतः फिरून आणल्या होत्या. पुण्यातल्या मार्गदर्शकांनी पहिला मसुदा परत केला. एका गावातली शेते एकमेकांसारखी असतात, त्यांचे पाणी एक, माती एक, तेव्हा गावाचा परिणाम वेगळा काढणारी पद्धत वापरा, नाहीतर सही मिळणार नाही, असे ते म्हणाले. म्हणणे बरोबर होते. ती पद्धत आर या संख्याशास्त्राच्या भाषेत होती. भाषा फुकट मिळत होती आणि प्रयोगशाळेतल्या लिनक्सच्या एका मशीनवर आधीच बसवलेली होती. पद्धतीचे पॅकेज, म्हणजे ती भाषेला जोडणारा तयार प्रोग्राम, मात्र वेगळे आणायचे होते.

प्रयोगशाळेत इंटरनेट नव्हते. महाविद्यालयात एकच जोडणी होती, ती प्राचार्यांच्या दालनात. तिथल्या संगणकावर कापडी झाकण असायचे आणि ते झाकण काढायचा अधिकार कार्यालय अधीक्षकांचा होता. म्हणून पॅकेज शिरूरच्या सायबर कॅफेतून उतरवायचे, सीडीवर घ्यायचे आणि दौंडला न्यायचे, असे ठरले.

तो कॅफे असा होता. प्लायवूडचे खुराडे, पुढे मळका पडदा, कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या. कीबोर्डवरून बोट उचलले की चिकट आवाज यायचा. शेजारच्या खुराड्यांत काय चालले आहे ते पडद्याआडच्या हसण्यावरून कळायचे. मालक तिच्याकडे न बघता माझ्याशी बोलायचा.

"वहिनी येवढा टाइम काय उतरवत्यात, साहेब? पिच्चर?"

"संख्याशास्त्र," ती आतून म्हणाली.

"ते बी असतं व्हय नेटवर?" तो म्हणाला आणि मोठ्याने हसला. पडद्याआडचेही हसले.

दौंडला पॅकेज बसवायला विभागप्रमुखांची लेखी परवानगी लागत होती. मशीनचा मुख्य पासवर्ड प्रयोगशाळा सहायकाकडे होता आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना तो द्यायचा नाही असा नियम होता. विभागप्रमुखांनी अर्जावर एकाच पॅकेजचे नाव लिहून सही केली. सहायकाने सीडी घातली, पासवर्ड टाकला, आज्ञा दिली. मशीनने नकार दिला आणि हव्या असलेल्या पॅकेजचे नाव सांगितले.

सहायक वरवंडचा, पन्नाशीचा माणूस. महाविद्यालयाच्या कार्यक्रमात व्यासपीठावर खुर्च्या मांडायचे कामही त्याच्याकडे असे. तो मशीनच्या पडद्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, पाव्हना रुसलाय. म्हनतोय, मेव्हना आल्याबिगर पाटावर बसत न्हाई."

पत्नी नवा अर्ज घेऊन विभागप्रमुखांकडे गेली. तेव्हाचे संभाषण तिने मला सांगितले तसे देतो.

"अहो मॅडम, एक पाहुणा म्हणालात. आता वऱ्हाड आणताय?"

"सर, त्या पॅकेजला ते लागतं."

"लागतं म्हणजे? मुख्य कोणतं, ते सांगा. मुख्य आधी टाका. किरकोळ आपण मागाहून बघू."

"मुख्य शेवटीच बसतं, सर."

"तुम्ही मला शिकवू नका. आणि तुम्हाला कसली घाई आहे? जागा तर तुमच्यासाठीच राखून ठेवलीये."

"जागा राखीव आहे सर. एम.फिल. राखीव नसतं."

त्यांनी सही केली, पण पुन्हा एकाच नावापुढे. ती शिरूरला आली, कॅफेत गेली, दुसरे पॅकेज घेतले, दौंडला नेले. दुसऱ्याने तिसरे मागितले. तिसऱ्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा पडदा, पुन्हा एसटी. तिसऱ्याने आणखी एक मागितले. दर वेळी मुख्य पॅकेजची सीडी आधी घातली जात होती, कारण परवानगीच्या कागदांत त्याचा कागद पहिला होता आणि सहायक कागदाबाहेर जात नव्हता. मशीन दर वेळी तोच नकार देत होते. विभागात चर्चा सुरू झाली की मॅडमची सीडी खराब आहे. नंतर अशी झाली की मॅडमनाच जमत नाही. जून निम्मा सरला.

हा प्रकार तिला नवा नव्हता. जात पडताळणीच्या वेळी असेच झाले होते. समितीला आजोबांचा १९५० पूर्वीचा पुरावा हवा होता. पुरावा राहूच्या शाळेत होता. शाळेला आजोबा आणि ती एकाच घरातले असल्याचा दाखला हवा होता आणि त्या दाखल्याला वेगळेच प्रतिज्ञापत्र. आम्ही समितीपासून सुरुवात केली होती आणि प्रत्येक खिडकीवरून मागे ढकललो गेलो होतो. शेवटी तिने दुसरा कुठलाच कागद न मागणारा कागद आधी शोधला आणि तिथून वर चढत गेली. तिच्या आधी हेच करणारी माणसे वस्तीत होतीच. आमच्याकडे घरटी एकाला तरी हे तंत्र येते. ते यावे लागते याचीच मला किळस येते.

एका रविवारी ती कॅफेत सकाळी बसली. मालकाने मधे दोनदा पडदा उचलून आत बघितले. आधी झाले होते ते सगळे बाजूला ठेवून तिने मुख्य पॅकेजपासून सुरुवात केली. प्रत्येक पॅकेजमध्ये वर्णनाची एक छोटी फाइल असते. त्याला कोणती पॅकेजे लागतात आणि भाषेची कोणती आवृत्ती लागते, ते तिच्यात लिहिलेले असते. तिने ती उघडून वाचली. त्यात आलेली नावे उघडली. त्यांच्यात आलेली नावे उघडली. बातम्यांच्या जुन्या फॅक्सच्या पाठीवर ती बाण काढत गेली. एक नाव दोन वाटांनी येत होते, ते तिने एकदाच ठेवले. एक पॅकेज इतके नवे होते की प्रयोगशाळेतली जुनी आवृत्ती त्याला चालली नसती. त्यासाठी तिने जुन्या साठ्यातून मागची आवृत्ती शोधली, आणि त्या आवृत्तीला काय काय लागते ते पुन्हा वाचले. मग फॅक्स उलटा धरला. ज्याला काहीच लागत नव्हते ते पहिले. ज्याला फक्त ते लागत होते ते दुसरे. मुख्य सर्वांत शेवटी. फाइलींच्या नावांआधी तिने त्याच क्रमाने आकडे घातले आणि सगळे एका सीडीवर घेतले.

परवानगीचा प्रश्न राहिला. तिने एकच अर्ज लिहिला, त्यात सगळी नावे त्याच क्रमाने घातली. विभागप्रमुख त्या दिवशी एका सत्काराच्या गडबडीत होते. मुख्य पॅकेजचे नाव तळाला बघून त्यांनी विचारले, "हे खाली का?"

सहायक खुर्च्यांची यादी घेऊन तिथेच उभा होता. तो म्हणाला, "सर, अध्यक्ष शेवटीच बोलत्यात की."

सही झाली. सहायकाने आकड्यांप्रमाणे पॅकेजे बसवली. एकालाही नकार आला नाही. मुख्य पॅकेज बसायला बराच वेळ लागला. तोवर सहायकाने तंबाखू मळली. आज्ञा संपल्यावर तो म्हणाला, "बसला पाव्हना. आता वाढा."

गावांचा परिणाम वेगळा काढल्यावर आधीच्या मसुद्यातला एक निष्कर्ष टिकला नाही. तिने तो काढून टाकला. मार्गदर्शकांनी सही केली. मार्गदर्शकांनी सही केली. हिवाळ्यात मौखिक परीक्षा झाली आणि पदवी मिळाली. दरम्यान विभागप्रमुखांनी ती सीडी विभागासाठी म्हणून मागून घेतली आणि एका कार्यशाळेत विभागाने केलेले काम म्हणून दाखवली. तिचे नाव घेतले गेले नाही. हे मी स्वतः तिथे बसून ऐकले. माझ्या दैनिकाने मला त्या कार्यशाळेची बातमी करायला पाठवले होते आणि बातमी मी केली.

पुढच्या वर्षी जाहिरात निघाली. एप्रिलमध्ये मुलाखती झाल्या. मी आत नव्हतो. प्रश्न तिने त्याच संध्याकाळी सांगितले, मी ते लिहून घेतले. एका सदस्याने विचारले, शिरूरहून रोज येणे जमेल का. ती अनेक वर्षे रोजच येत होती. दुसऱ्याने विचारले, मिस्टर पेपरात आहेत ना, मग इथले सगळे बाहेर जाणार का. प्रबंधाची प्रत समोर होती. ती कोणी उघडली नाही. तिसरा म्हणाला, "कांद्याचं आम्हालाही कळतं, बाई. आमच्या सात पिढ्या कांदाच काढतात." सगळे हसले. चहा आला. तिला बाहेर थांबायला सांगितले गेले आणि काही वेळाने शिपायाने येऊन सांगितले की थांबायची गरज नाही.

मे महिन्यात निकाल फलकावर लागला. पात्र उमेदवार उपलब्ध न झाल्याने राखीव जागा रिक्त ठेवण्यात आली. जूनमध्ये त्या जागेचे सर्व तास माझ्या पत्नीला तासिका तत्त्वावर देण्यात आले.