सलीमच्या लेन्सवरचं हूड

२००२ साली आमची प्लाटून नियंत्रण रेषेवर होती. मी हवलदार, गाव भिवंडीजवळचं दापोडे. हाताखाली लान्स नाईक सलीम, तिथल्याच टेमघरचा. दोघांची ड्युटी एकच. दगडी भिंतीआड बसायचं आणि समोरच्या बंकरचे लांब लेन्सनं फोटो काढायचे.

भरतीआधी सलीम चाचाच्या फोटो स्टुडिओत कामाला होता. भिवंडीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, सुताची धूळ काचेकाचेवर बसते. म्हणून त्याच्याकडे लेन्सपुढे साधी काच, म्हणजे फिल्टर, कायम लावलेला. पुसून ओरखडे पडले तर फिल्टरवर पडतील, लेन्स वाचेल. ती सवय त्यानं चौकीवर आणली. पण फिल्टर उन्हात चमकतो, समोरच्याला जागा कळते, म्हणून त्यापुढे हूड, ती काळी नळी, हवंच. हूड नसेल तर फिल्टर उतरवायचा. हे मला त्यानंच शिकवलं होतं, म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायला मला तोंड नाही.

सकाळी ०७१०. ऊन समोरून. वायरलेसवर कंपनी कमांडर बोलले, "बंकरपाशी गाडी आलीय. फोटो पाहिजे. ओव्हर."

हूड कॅमफ्लाजच्या जाळीत अडकलं, लेन्स गाडीकडे वळेना.

"काढ ते," मी म्हणालो.

"काढतो. पन हूड काढलं की फिल्टर बी काढाया लागंल, आन् तो जाम झालाय. दोन मिनिटं द्या, दादा."

"गाडी काय तुझ्या बापासाठी थांबलीय? घे फोटो!"

त्यानं हूड काढलं आणि फिल्टर तसाच ठेवून घेतला. एकच गोळी आली.

मेडिकलवाले ०७३५ला पोचले. सलीम त्याआधीच गेला होता. कॅमेरा दगडावर आपटून फिल्टरचा चुरा झाला होता. आमच्या सुभेदारानं काचा झटकून बघितलं आणि म्हणाला, "लेन्स बच गया." त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

रिपोर्टमध्ये 'शत्रूचा स्नायपर' एवढंच लिहिलं गेलं. माझा हुकूम त्यात नव्हता. सुभेदारानं बजावलं, "त्याच्या घरी जाशील तेव्हा तोंड बंद ठेव."

रजेवर आलो तो थेट टेमघरला गेलो. सलीमच्या अब्बांनी लूम बंद ठेवले होते. मला खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाले, "तुमच्याबद्दल लई लिवायचा. दादा हाय तवर फिकीर न्हाय, म्हनायचा." गप्प बसणं सोपं होतं. मला ते जमलं नाही. हूड, फिल्टर, दोन मिनिटं, सगळं सांगितलं.

"मग तू काय बोललास त्याला?"

शब्द न् शब्द सांगितला. त्यांच्या तोंडावर.

म्हातारा उठला. माझ्या हातातला कप काढून घेतला. "चल, नीघ. पुन्हा या दारात दिसू नको."

आता मी काल्हेरला राहतो. पंधरा ऑगस्टला सोसायटीवाले माजी सैनिक म्हणून माझ्या गळ्यात हार घालायला बोलावतात. जात नाही. फारच मागे लागले तर शिव्या घालतो. त्या दिवशी टेमघरच्या कब्रस्तानापाशी जातो. लान्स नाईक सलीम, वय चोवीस, तिथं आहे. मी भिंतीबाहेर उभा राहतो. आत जायला कुणी अडवलेलं नाही.