पॅलिएटिव्हचा अर्थ

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. ती जायच्या आधी एकदा ओठांवर आलं होतं — गिळून टाकलं. आता गिळायचाही कंटाळा आलाय. तुम्ही नुसतं ऐका.

भिलाईत कारखाना उभा राहत होता, तेव्हाची गोष्ट. मी ऑफिसात क्लार्क. आमच्या सेक्टरमध्ये विदर्भातली बरीच घरं, आणि कामावर चहूकडे इंग्रजी. संध्याकाळी क्वार्टरांसमोर खाटा पडल्या की माणसं दिवसभरात ऐकलेले शब्द माझ्याकडे घेऊन येत. मी नुसता अर्थ सांगत नसे — त्याच अर्थाच्या इतर शब्दांचं अख्खं गणगोत सांगायचो. लोक मला डिक्शनरीभाऊ म्हणत. त्या नावाची चटक लागली होती मला. 'मला ठाऊक नाही' एवढं म्हणायला काय लागतं? मला ते कधी जमलं नाही.

शेजारचा दत्तू फिटर होता, आर्वीकडचा. एकटाच राहायचा, गावी म्हातारी आई, दुसरं कोणी नाही. पोटाच्या दुखण्यानं पार वाळला होता. एकदा इस्पितळातून आला तो थेट खाटांपाशी. "भाऊ, डॉक्टर म्हणे आता पॅलिएटिव्ह इलाज करू. म्हंजे काय हो? मायले बोलावून घेऊ का?"

तो शब्द मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो — जालीम इलाज, रोग मुळापासून काढणारा. वर त्याचे दोन-तीन भाऊबंदही ठोकून दिले. दत्तू केवढा हसला! "मंग कायले बोलावू म्हातारीले एवढ्या उन्हात? बरा झालो का मीच जातो."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातली डिक्शनरी उघडली. रोग बरा न करता नुसती वेदना कमी करणारा — असा अर्थ. खाली समानार्थी शब्दांत त्याचं खरं गणगोत होतं: पॅलिएट, अॅलिव्हिएट, मिटिगेट. सगळे थोडा आराम देणारे. बरा करणारा एकही नाही. पॅलिएटचा आणखी एक अर्थ होता, आपला गुन्हा सौम्य करून दाखवणं. तो वाचून मी डिक्शनरी मिटली.

संध्याकाळी सांगायला म्हणून निघालो होतो, खरंच. दत्तू एका नव्या माणसाला तो शब्द चवीनं सांगत होता, माझं नाव घेऊन. मी बसलो. कोणीतरी दुसरा शब्द विचारला, त्याचा अर्थ सांगितला. त्याची उमेद कशाला मोडा, असं मनाशी म्हणत राहिलो — पण ते खोटं होतं. चार माणसं मला हसली असती, तेवढंच मला सोसणार नव्हतं. रोज संध्याकाळी तो समोर असायचा आणि रोज मी गप्प राहिलो.

पाऊस पडायच्या आत दत्तू गेला. तार मिळून म्हातारी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. लेकानं आपल्याला का बोलावलं नाही, हे ती एकेकाला विचारत होती. कोणीतरी म्हणालं, डिक्शनरीभाऊंनी तर बरा होशील म्हणून सांगितलं होतं, इलाजच लागू पडला नाही.

म्हातारी उठून माझ्याकडे आली. माझे दोन्ही हात तिनं धरले. "तुमी माह्या लेकाले धीर देल्ला, बापू."

मी हात सोडवून घेतले नाहीत.