मागच्या सीटवरचा ट्रायपॉड

शनिवार-रविवारी मित्रांबरोबर देवगडच्या बाजूला पक्षी बघायला जायचं ठरलं. खाडीपलीकडेच आमचं गाव. लालबागच्या घरी वडिलांनी विचारलं, "माका गावाक सोडशीत काय रे?"

गाडीवाल्या मित्राला फोन केला. "काकांना नक्की नेलं असतं रे, पण मागे ट्रायपॉड आहे. महाग आहे, डिकीत नको."

मी तसंच वडिलांना सांगितलं. मला लाज वाटली, पण गेलो.

ट्रायपॉड बेल्ट लावून ऐटीत आला. किनाऱ्यावर तो उघडलाच नाही, वाळू जाईल म्हणून. सुरमई आधी की पक्षी, यावर आम्ही पक्षिप्रेमी इतके भांडलो की अख्खा थवा उडाला. एक बगळा तेवढा राहिला. "कुणी आवाज करू नका!" असं मित्र ओरडला, आणि मी घाईत हातानेच फोटो काढला.

घरी वडिलांनी तो मोबाइलवर बघितला. बगळा हललेला होता, पण मागे आमच्या गावचं देऊळ स्वच्छ आलं होतं. त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला, तसा बगळा बाहेर गेला.

"देवळाक रंग दिल्यानी वाटता," ते म्हणाले. मग मोबाइल परत देत विचारलं, "तुमचो ट्रायपॉड नीट बसललो मा गाडीत?"